नुसता हात लावायला ये

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दादाची शेड उघडली. सात महिन्यांत मी आत पाऊल टाकलं नव्हतं.

गाडी होती तशीच आहे. चार कोपऱ्यांना चार लोखंडी घोड्या, त्यांच्यावर गाडी, चारही चाकं अधांतरी. पोटात मधोमध पोकळी, जिथे गिअरबॉक्स असायला हवा. आणि तो गिअरबॉक्स कोपऱ्यात गोणपाटाखाली. कुणीतरी वर दोन विटा ठेवल्यात. जणू उठून जाईल.

जुलैतल्या एका रविवारी दादा तो एकट्याने वर चढवत होता. जॅकवरून घसरला. दादा खाली होता. एवढंच लिहितो.

मी त्या वेळी दुकानात होतो.

संध्याकाळी वहिनींना सांगितलं, की गिअरबॉक्स मी बसवतो. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबता येत नाही, म्हणून तर दादाने ही आपली आपण गिअर बदलणारी गाडी हुडकून आणली होती. वहिनी परिचारिका. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधतात, सुया टोचतात. गाडी बंद पडल्यापासून काठी टेकत बसस्टॉप गाठतात, आणि बारा घरांच्या जागी पाच होतात.

"भावोजी, तुम्ही चष्मे बनवता," त्या म्हणाल्या.

"दादाची वही आहे ना. सगळं लिहून ठेवलंय त्याने."

"पैलवान असतील बरोबर, तरच."

"असणारच," मी म्हटलं.

पैलवान म्हणजे दादाचा गॅरेजमधला जोडीदार. अंगाने काडीपेटीतली काडी, म्हणून पैलवान. त्याला मी अजून विचारलेलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पैलवान रस्त्यातच भेटला. कानावर गेलं होतंच. म्हणाला, "गाडी ओढून गॅरेजवर नेऊ. लिफ्टवर घेतली की अर्ध्या दिवसाचं काम."

"दादाने घरी काढला, घरीच बसेल."

"बसू दे की. पण एकट्याने नाही हां. ऐंशी किलोचं धूड आहे ते."

"एकटा कशाला? वहिनी आहेत ना."

वहिनींना पैलवानचं सांगितलं, पैलवानला वहिनींचं. आता दोघंही निर्धास्त आहेत. काम माणसाने एकट्याने केलं की डोकं शांत राहतं.

९ फेब्रुवारी, रविवार

विटा काढल्या, गोणपाट काढलं.

दिसायला काही भयंकर नाही. मोठ्या घंटेसारखं तोंड, मागे निमुळती शेपूट, राखाडी ॲल्युमिनियम. खालच्या तेलाच्या पत्र्याला एका कोपऱ्यात पोचा आलाय. तो कशाने आला याचा विचार करायचा नाही असं ठरवून मी तासभर त्याचाच विचार करत बसलो. मग रबरी हातोडीने आतून ठोकून सरळ केला. अगदी पूर्ण सरळ नाही झाला.

दुपारी गाडीखाली शिरलो. दादाची चाकं लावलेली फळी आहे, तिच्यावर पाठ टेकली की आपोआप डोकं जिथे हवं तिथे जातं. त्याच्या उंचीची आहे, मी बुटका, म्हणून माझे पाय कमी बाहेर राहतात. वर पाहिलं तर इंजिनाची मागची बाजू, आणि तिच्याभोवती बोल्टची रिकामी भोकं. मी मोजू लागलो.

तेव्हा ऐकू आलं. माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी हलक्या आवाजात मोजत होतं. एक. दोन. माझ्याहून थोडं पुढे.

दादाला बोल्ट मोजायची सवय होती. ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा. आईसुद्धा म्हणायची, हा झोपेत मोजतो.

मी घाईने बाहेर आलो नाही. तसाच पडून राहिलो. भीती वाटली असं म्हणता येणार नाही. थंडी वाजली एवढंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जॅक उचलेना. दांडा कितीही मारा, वर आलेला हात हळूहळू खाली बसतो. परवा चालत होता. पाहिलं तर बाजूचा पेच पूर्ण उघडा. दाब सोडायचा पेच. तो मी आवळून ठेवला होता, माझ्या हाताने.

मी चष्म्याच्या काचा घासतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक माझ्या बोटाला कळते. पेच आवळायचा विसरलो, हे मला पटत नाही.

शिवाय फरशीवरच्या धुळीत ठसे आहेत. लहान, गोल, मोठ्या नाण्याएवढे, एकापुढे एक रांगेने, दारापासून जॅकपर्यंत आणि परत. छतातून पाणी ठिबकत असेल म्हणावं तर पाऊस नाही. बराच वेळ वाकून पाहिलं. कशाचे असतील, काही लक्षात येत नाही.

दादाला मी इथे नकोय का?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुकानातली सगळी राहिलेली कामं उरकली. शेवटचे चार चष्मे गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः पोचवले. नवीन घेत नाही. घासणीच्या यंत्रावर कापड घातलं, दुकानाची किल्ली शेजारच्या शिंप्याकडे दिली. तो म्हणाला, "कुठे गावाला?" म्हटलं, घरचंच काम आहे. मांजरही त्याच्याकडेच ठेवलं. त्याच्या मुलीला लळा आहे तिचा.

बायको गेल्यापासून नऊ वर्षांत घर इतकं आवरलेलं कधी नव्हतं. कपाटातले कागद क्रमाने लावले, वर चिठ्ठी लावली. आता पूर्ण लक्ष गिअरबॉक्सकडे देता येईल. बरीच वर्षं एवढं हलकं वाटलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कन्व्हर्टर बसवला. गिअरबॉक्सच्या तोंडात बसणारा हा मोठा डबा, भोपळ्याएवढा, आत तेल. दादाच्या वहीत लिहिलंय: "फिरवत फिरवत आत ढकलायचा. तीन वेळा खट् व्हायला हवं. दोनदा झालं की माणूस खूश होतो आणि तिथेच फसतो. तिसरा खट् झाल्याशिवाय वर चढवलास तर पंप फुटलाच समज."

'चढवलास' असं का लिहिलं असेल? वही तर त्याची स्वतःची.

दोनदा खट् झालं. तोंडावर पट्टी आडवी धरून खोली मोजली. नऊ मिलिमीटर कमी. पुन्हा फिरवला. दीड तास. हाताला घाम, डबा निसटतो. शेवटी डोळे मिटून, काचेची धार तपासतो तसा, फक्त बोटांनी फिरवला आणि तिसरा आला. आवाज नव्हता म्हणण्यासारखा. झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसं काहीतरी आत सरकलं आणि बसलं.

दादा असता तर म्हणाला असता, धाकट्या, तुझं काम मिलिमीटरचं, माझं मणाचं, पण देव दोन्हीत तोच. नाही, असं काही तो म्हणाला नसता. तो नुसता पाठीवर थाप मारून माझा शर्ट काळा करायचा.

वर बांधायचा पट्टाही सापडला, खुंटीला होता. गिअरबॉक्स जॅकला बांधायचा जाड पट्टा. तसाच राहू दिला. दादाने त्या दिवशी लावला नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जॅकचा दांडा गायब. सगळी शेड उलथीपालथी केली. पुन्हा तेच गोल ठसे.

खरं लिहितो. वहीतही खोटं लिहायचं तर वही कशाला ठेवायची?

त्या दिवशी मी दुकानात नव्हतो. रविवार होता, दुकान बंद. मी घरी पलंगावर होतो, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन. पावणेबाराला दादाचा फोन आला. "धाकट्या, ये रे जरा. काही करायचं नाहीये, नुसता हात लावायला ये. डोलतोय तो जॅकवर."

मी म्हटलं, "दुकानात आहे दादा, गिऱ्हाईक आहे."

 रविवार आहे हे त्यालाही माहीत होतं. तरी तो हसला. "बरं बरं. गिऱ्हाईक आधी."

राग नव्हता, भांडण नव्हतं. मी आठवून आठवून कारण शोधलं, एखादं जुनं वाकडं बोलणं तरी सापडावं म्हणून. काही नाही. कंटाळा आला होता. ऊन होतं, आणि उठून शर्ट घालायचा कंटाळा आला होता.

दीड वाजता पैलवानचा फोन आला.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. वहिनींना तर नाहीच. तेराव्या दिवसापर्यंत त्या मला वाढायच्या आणि मी जेवायचो.

उद्या रविवार आहे. दांडा नसला तरी लोखंडी नळी चालेल. पावणेबाराला सुरुवात करीन.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहून ठेवतो.

सकाळी शेडवर गेलो तर दार आतून लावलेलं. ठोठावलं. वहिनींनी उघडलं. आत गिअरबॉक्सशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी.

"वहिनी, आज तुम्ही कामावर नाही?"

"नाही. पैलवान कुठेत?"

"येतील."

"मी फोन केला होता त्यांना. त्यांना वाटत होतं, तुमच्याबरोबर मी आहे."

त्यांनी पिशवीतून जॅकचा दांडा काढला आणि पायाशी ठेवला.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"मग कोण? उंदीर?"

"आणि पेच?"

"तोही मीच. सकाळी तुम्ही नसताना यायचे. म्हटलं, जॅक चालला नाही तर कंटाळून सोडून द्याल. तुम्ही कसले सोडताय!"

मला हसू फुटलं. दादा म्हणून मी ज्याच्याशी चार दिवस बोलत होतो, माफ्या मागत होतो, त्या या. मी काठीकडे पाहिलं, तिच्या टोकाच्या रबराकडे. मग फरशीकडे. एवढी अक्कल असलेला माणूस दुसऱ्यांचे नंबर काढतो.

"वहिनी, अहो विश्वास ठेवा. मला सगळं पाठ आहे. फार तर दीड तास."

"शिंपी आला होता काल," त्या म्हणाल्या. "मांजर किती दिवस ठेवायचं, विचारत होता."

मी म्हटलं, "कामात लक्ष लागावं म्हणून दिलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाळंतिणीकडे किंवा तापाच्या माणसाकडे बघतात तशा. मला ती नजर सहन होईना. म्हणून बोलून टाकलं. फोन, रविवार, गिऱ्हाईक, सगळं. उभ्यानेच बोललो, भिंतीकडे बघत.

झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला माहितीये."

"काय?"

"त्यांचे हात तेलाने माखलेले होते. फोन त्या फळीवर ठेवून मोठ्या आवाजात लावला होता. मी इथे दारात चहा घेऊन उभी होते. ऐकलं सगळं."

सात महिने. वाढताना, बोलताना, माझ्या चष्म्याची काच स्वतः पदराने पुसून देताना, यांना माहीत होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? फोन ठेवल्यावर ते म्हणाले, धाकटा झोपलाय, येऊ दे उद्या, उद्याच चढवू. रागावले नव्हते, भावोजी. उद्यावर टाकलं होतं त्यांनी."  काठीवरची बोटं पांढरी झाली होती. "मी म्हटलं, उद्या मला गाडी हवीय. सोमवारी अकरा घरं आहेत. आजच बसवा. पट्टा शोधत होते ते, सापडत नव्हता, तर मी म्हटलं, राहू दे तो पट्टा, पोळ्या गार होतायत."

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल गेली. 

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"आता तुम्हाला."

बसायला दुसरी खुर्ची नव्हती. मी दादाच्या फळीवर बसलो, तर ती चाकांवर सरकली आणि मी पार भिंतीवर आपटलो. वहिनी हसल्या. मग हसता हसता त्यांना रडू आलं, आणि मला काय करावं कळेना म्हणून मी दांडा उचलून जॅकला लावून ठेवला.

निघताना विचारलं, "आणि ते मोजणं? तेही तुम्हीच?"

"कसलं मोजणं?"

"गाडीखाली. हळू आवाजात."

त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हालाही ऐकू येतं?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

वहिनींनी मांजर शिंप्याकडून आणून माझ्या दारात सोडलं. वर हुकूम: उद्यापासून दुकान उघडायचं, मला जवळचं दिसत नाहीये, चष्मा करून द्या.

जाताना म्हणाल्या, "काल तुम्ही शेडवर काय करायला आला होतात, ते मला कळतंय."

मी म्हटलं, "गिअरबॉक्स बसवायला."



२३ फेब्रुवारी, रविवार

बसला.

सकाळी नऊला पैलवान आला, बरोबर जाड फळी आणि दोन पट्टे. आल्या आल्या मला म्हणाला, "खोटारड्या." आणि मग दुसरं काही नाही. घोड्या एकेक हलवून पाहिल्या, पक्क्या आहेत. तरी चाकं काढून ती गाडीखाली सरकवून ठेवली. "पडलीच तर यांच्यावर पडेल," म्हणाला.

गिअरबॉक्स फळीवर, फळी जॅकवर, वरून पट्टे आवळले. वहिनी फरशीवर पाय लांब करून बसल्या, शेपटीकडच्या पट्ट्याचं टोक हाताला गुंडाळून. पैलवान दांड्यावर. मी खाली, कारण गिअरबॉक्सची दोन भोकं आणि इंजिनातून बाहेर आलेले दोन खिळे जुळवायचं काम डोळ्यांचं आणि ते माझं.

एक एक दांडा. गिअरबॉक्स माझ्या छातीवरून वर जात होता. तेलाच्या पत्र्याचा तो न निघालेला पोचा डोळ्यांपुढून गेला. वीतभर उरलं असताना जॅकचं एक चाक फरशीच्या भेगेत गेलं आणि सगळं धूड माझ्या बाजूला कललं.

त्या क्षणाबद्दल फार विचार केलाय. मला वाटलं होतं, असं झालं तर मी शांत असेन. पैलवान सांगतो, मी असा ओरडलो की पलीकडच्या घरातली माणसं बाहेर आली. मला माझा आवाज आठवत नाही. एवढं आठवतं, की माझे दोन्ही हात वर होते, कोपरं फरशीला टेकलेली, आणि मी ढकलत होतो. आयुष्यात कशालाही इतकं ढकललं नसेल. पट्ट्याने धरलं, वहिनींनी धरलं. पैलवानने चाक सोडवलं.

"बाहेर ये," पैलवान म्हणाला. "चहा घे, मग बघू."

"नाही. जुळतंय. थोडा पुढे घे."

खिळे भोकांत शिरले. दादाने लिहिलंय, बोल्टने कधी ओढून घ्यायचा नाही, हाताने मिटायला हवा. दोन्ही तळव्यांनी रेटला आणि इंजिन आणि गिअरबॉक्समधली फट मिटली. केसाएवढीही उरली नाही. मी नखाने फिरवून पाहिली.

बोल्ट लावताना मी मोठ्याने मोजले. बाजूला कुणी मोजत नव्हतं. बरं वाटायला हवं होतं.

वहिनींच्या हातावर पट्ट्याचा वळ उठलाय, निळा. दाखवत नव्हत्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस बाकीची जोडणी. मागचा शाफ्ट, तेलाच्या नळ्या, लिव्हरची तार, वायरींचा गठ्ठा, शेवटी काढलेली चाकं परत. कन्व्हर्टरचे बोल्ट खालच्या छोट्या खिडकीतून एकेक, इंजिन हाताने फिरवत. डाव्या खांद्याने असहकार पुकारलाय.

आज तेल भरलं. पैलवानने चावी फिरवली. सात महिन्यांनी इंजिन खोकलं, धूर सोडला, चालू झालं. मागची चाकं अजून अधांतरी. वहिनींनी आत बसून ब्रेक दाबला, लिव्हर एकेका खाचेत नेला, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून. मागे घेतला की एक बारीक झटका, पुढे घेतला की दुसरा. मग ब्रेक सोडला आणि मागची चाकं हवेत फिरू लागली. पैलवान आणि मी त्यांच्याकडे बघत उभे, वहिनी खिडकीतून वाकून. 

संध्याकाळी घोड्या काढल्या. गाडी जमिनीवर आली. शेड एकदम ठेंगणी वाटली.

१ मार्च, शनिवार

हे गाडीत बसून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं.

वहिनी म्हणाल्या, "पहिल्या दिवशी एकटी नाही जाणार. बसा." बसलो. त्यांनी शेडमधून गाडी मागे घेतली, रस्त्याला लावली. पहिल्या वळणापर्यंत मी प्रत्येक गिअर बदलताना श्वास धरला. नंतर कधी बदलत होता ते कळेनासं झालं. चढावर एकदा वाटलं, मागच्या सीटवर कुणीतरी पुढे वाकून ऐकतंय. मी आरशात पाहिलं नाही. वहिनींनी पाहिलं. मग दोन्ही हातांनी चाक नीट धरलं आणि तशाच चालवत राहिल्या.

आता एका अनोळखी घरासमोर उभे आहोत. वर एक आजोबा आहेत, पायाची जखम सात महिने चिघळलीय. बसने हे घर गाठताच येत नव्हतं. वहिनी आत जाऊन अर्धा तास झाला. वरच्या खिडकीतून त्यांचा आवाज येतोय, दटावत आहेत कुणाला तरी.

इंजिन बंद आहे. थंड होताना धातू टिकटिक करतोय. दोन सीटच्या मध्ये जो उंचवटा असतो, त्याच्या खाली तो आहे. मी हात ठेवून पाहिला. चांगलाच गरम, जिवंत माणसाच्या पाठीसारखा. हात काढावा असं वाटलं, पण काढला नाही.

वहिनी येतायत. काठी एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात, आणि माझ्याकडे बघून काहीतरी ओरडत आहेत. काच खाली केली.

"वही ठेवा आता," म्हणतायत, "अजून सात घरं आहेत."